घणाबद्दलचा आदर काढून घेण्याबाबत

३ जून

प्रिय वहिनी,

तुझी खुशाली फोनवर तुझ्या मुलीनं ओरडून सांगितली, माझी तिनं तुला ओरडून सांगितली असेल. तो विषय संपला. हे पत्र मंडळाच्या कामाचं आहे, तेव्हा चष्मा लावून, बसून वाच.

काल माझ्या लाँड्रीत घण आला होता.

हो, तोच. तुझ्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला ज्याचा फोटो आहे आणि माझ्या शिवणयंत्राच्या वर ज्याचा फोटो आहे, तो. आपल्या मुष्टिप्रेमी मंडळाचा शेवटचा उरलेला वीर. आता निवृत्त होऊन आमच्याच गावात राहायला आलाय, मागच्या रस्त्यावर, गॅरेजच्या वर.

मी काउंटरवर मान खाली घालून चादरींना नंबर लावत होते. वर पाहिलं तर दरवाजाभर माणूस. हातात एक कोट, बटण तुटलेलं, आणि रिंगमध्ये घालायचा तो निळा सॅटिनचा झगा. पाठीवर सोनेरी दोऱ्यानं ‘घण’. वहिनी, माझ्या तोंडातली टाचणी खाली पडली.

आणि मग काय झालं ते ऐक. मागून एक आजीबाई पडद्यांचं गाठोडं घेऊन आल्या, त्यांनी त्याला कोपरानं ढोसलं आणि पुढे घुसल्या. तो म्हणाला, “बाई, तुमचंच आधी.” मग एक माणूस म्हणाला, माझा एकच शर्ट आहे. तोही पुढे. मग एक बाई म्हणाली, मी उभीच नव्हते, नुसती विचारायला आलेय, आणि तिनं तीन साड्या टाकल्या. हा मागे, मागे, मागे. शेवटी फूटपाथवर. माझी जेवणाची वेळ झाली, मी दुकान बंद केलं, तरी हा उभा. चार वाजता उघडलं तेव्हा परत सगळ्यात शेवटी!

त्याचा नंबर आला तेव्हा आमच्या इस्त्रीवाल्यानं मोठी स्टीमची इस्त्री उचलली. ती कशी फुस्स करते तुला माहीत आहे. तर हा, ज्याच्यापुढे प्रत्यक्ष कातळसारखा मुष्टियोद्धा सातव्या फेरीत आडवा झाला, तो माझ्या काउंटरखाली जाऊन बसला. इस्त्रीवाला मला म्हणतो, “मालकीणबाई, हाच का तो तुमचा?” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

नियम चारप्रमाणे मी ठराव मांडते आहे: घणाबद्दलचा आदर काढून घेण्यात यावा. तीन कारणं लागतात, दोन झाली. पहिलं, रांगेत माघार. दुसरं, वाफेला भिणं. तिसरं शोधते. आपण रेड्याला काढलं कारण टक्कल असून तो केसांच्या तेलाची जाहिरात करत होता, मुसळाला काढलं कारण त्यानं घंटा झाल्यावर मारलं, आणि बिजली तर हातमोजे घट्ट होतात म्हणून रेडिओवर रडला. त्यांना एक न्याय आणि घणाला दुसरा, असं नको.

तुझी सही पाठव. कोटाचं बटण लावून ठेवलंय. चांगलं शिंपल्याचं लावलं, साधं शोभत नव्हतं.

तुझी नणंद आणि मंडळाची सचिव

—

१४ जून

प्रिय वन्सं,

ठराव नामंजूर.

मी अध्यक्ष आहे आणि शाळेत बाकावर खिडकीकडची जागा माझी होती, त्यामुळे तू मला नियम शिकवू नकोस. ज्याच्या हातात ताकद असते त्याला कोपर मारून पुढे जावं लागत नाही. कोपर आजीबाईंना लागतं. आणि वाफेचं म्हणशील, तर वार चुकवणं ही त्याची विद्याच आहे. फुस्स झालं, तो खाली वाकला. मला तर यात सवय दिसते, भीती नाही.

आता मला एक सांग. तुझ्याकडे बटणं लावायला बाई आहे. गेली कित्येक वर्षं तू सुईला हात लावत नाहीस, डोळ्यांना त्रास होतो म्हणतेस. मग शिंपल्याचं बटण कोणी लावलं? जिच्या तोंडातली टाचणी पडते तिनं दुसऱ्याच्या माघारीबद्दल बोलू नये.

वन्सं, थट्टा बाजूला ठेवू. तू नियम नऊ विसरलीस का? मंडळात एकही वीर उरला नाही, तर मंडळ आणि त्याचा पत्रव्यवहार दोन्ही बंद. आपणच लिहिला होता अकरावीत, कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगातल्या सिक-रूममध्ये, तापाचा बहाणा करून. सिस्टरनं शुद्धलेखन तपासून दिलं होतं. घण गेला की कोणाबद्दल लिहायचं? तुझ्या गुडघ्यांबद्दल?

इथे मुलगी, जावई, सगळे चांगले आहेत. पण माझे कान गेल्यापासून घरातलं बोलणं मला सारांशानं मिळतं. जेवताना सगळे अर्धा तास हसतात आणि मग मुलगी माझ्याकडे वळून ओरडते, “काही नाही गं आई, ऑफिसचं!” तुझं पत्र येतं तेव्हा मला सबंध वाक्यं मिळतात, पूर्णविरामापर्यंत. ती बंद करायची असतील तर तिसरं कारण फार भक्कम आण.

आणि तुझ्या दादाचं कारण तिसरं म्हणून चालणार नाही, आधीच सांगते. आपण दोघी तोंडात थर्मामीटर धरून रेडिओला कान लावून बसलो होतो, घणानं कातळाला पाडलं तेव्हा सिस्टरनं स्वतः उडी मारली आणि एनॅमलचं घमेलं जिना उतरून खाली मदरच्या दारापर्यंत गेलं. आणि रविवारी भेटीच्या खोलीत तुझा भाऊ येतो, जो म्हणे प्रत्यक्ष स्टेडियममध्ये होता, आणि सांगतो, “अगं, तो ठोसा कसला, तो शिंकला!” माझ्या भावी नवऱ्यानं माझ्यासमोर उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. मी त्याच्याशी बोललेला पहिला शब्द ‘मूर्ख’. लग्नानंतर आमचं भांडण असं एवढ्या एकाच गोष्टीवरून झालं, आणि ते एकच भांडण आम्ही संसारभर पुरवून पुरवून वापरलं. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला तो मंडळाच्या सभासदत्वाचा अर्ज करायचा, आणि दर वर्षी मी तो ‘वीराचा अपमान’ या कारणावरून फेटाळायची. शेवटच्या वर्षी दवाखान्यातून केला, तोही फेटाळला. तो हसला. “पुढच्या वर्षी बघू,” म्हणाला.

घण राहील.

तुझी वहिनी आणि अध्यक्ष

—

९ जुलै

प्रिय वहिनी,

बटण मी लावलं. पुढे?

तिसरं कारण मिळालं आहे आणि ते इतकं भक्कम आहे की त्यावर झोपता येतं. खरंच येतं, कारण ती गादी आहे.

आमच्या बाजारपेठेत गाद्यांचं नवं दुकान उघडलं. उद्घाटनाला मोठा बोर्ड: ‘घण विरुद्ध गादी! पाहा कोण आधी दमतं!’ मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. तरी मी आणि इस्त्रीवाला गेलो. गर्दी मावत नव्हती. आपल्या वयाचे पुरुष जुने बिल्ले छातीला लावून आलेले. एकानं तर घणाच्या चित्राचा मफलर घातला होता, जुलैत.

दुकानात गाद्या अंथरून रिंग केली होती. घण आला, निळ्या झग्यात. (झगा मी कडक केला होता, सोनेरी दोरा पुन्हा भरला होता. तो धंद्याचा भाग आहे.) समोरून गादी आली. म्हणजे माणूसच, पण पायापासून डोक्यापर्यंत गादीत शिवलेला, दोन बाजूंनी दोन हात, तोंडासमोर जाळी, आणि दारातून आत यायला आडवं व्हावं लागत होतं. चालताना धापा टाकत होता, तरुण नव्हता. पण वहिनी, खोटं का बोलू, गादीचे पाय सुरेख पडत होते. डावा पुढे, टाच जरा वर, अगदी जुन्या लोकांसारखे. मला क्षणभर ओळखीचे वाटले, पण गादीचे पाय कोणाच्या ओळखीचे असणार?

घंटा झाली. घणानं पहिला ठोसा मारला. हात कोपरापर्यंत फोममध्ये रुतला. निघेना. दुकानाच्या दोन नोकरांनी कमरेला धरून त्याला ओढून काढलं. दुसरा ठोसा मारला, पुन्हा रुतला, पुन्हा ओढला. मग गादीनं त्याला खांद्यानं जरासं लोटलं. जरासंच, मी बघत होते. आणि घण खाली पडला.

पंच आकडे मोजायला लागला. तीनला लोक ओरडायला लागले. सहाला घण कुशीवर वळला. आठला त्यानं गालाखाली हात घेतला. एक माणूस माझ्या शेजारी रडत ओरडत होता, “ऊठ रे! मी माझ्या पोराला लाडानं घण म्हणतो रे!” दहाला घोरण्याचा आवाज आला. दुकानाचा मालक माइकवर म्हणाला, “बघा मंडळी, आमच्या गादीची कमाल!” आणि नऊ गाद्या तिथल्या तिथे विकल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी घण कोट न्यायला आला तर त्याच्यामागे माझ्या दुकानाबाहेर चाहत्यांची रांग. प्रत्येकाच्या हातात जुनी वही, जुना रुमाल, जुना फोटो. त्याच्या सह्या त्याला परत करायला आले होते! “घे तुझी सही. आम्हाला नको.” तो बिचारा एकेक घेत होता. मग मफलरवाला म्हणाला, आम्ही परत दिल्याचं लिहून दे. घणानं प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘सही परत मिळाली’, आणि खाली सही केली. ती चिठ्ठी घेऊन लोक रस्त्याच्या वळणापर्यंत गेले आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे पुन्हा त्याची सही आलीय. दोघे-तिघे परत आले. त्यांनाही त्यानं लिहून दिलं.

आपला वीर गादीकडून हरला, वहिनी. आता सही कर. आणि सही माझ्याकडे पाठव, परत करू नकोस.

तुझी सचिव

—

१७ जुलै

प्रिय वन्सं,

मी पत्र वाचताना इतकी हसले की जावई खोलीत येऊन ओरडला, “आई, काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही रे, ऑफिसचं.”

तरीही नामंजूर.

झोप लागणं म्हणजे हरणं नव्हे. हरलेला माणूस पडतो, झोपलेला माणूस विसावतो. पंचानं आधी त्याला हलवून विचारायला हवं होतं. शिवाय गादी ही मुष्टियोद्धा नाही, तेव्हा ही लढतच ग्राह्य नाही. ‘पडलो तरी नाक वर’ म्हणशील, म्हण. तू लिहिलंस की तो कुशीवर वळला, म्हणजे नाक वर नव्हतंच.

मला त्या चाहत्यांचा राग येतो. जत्थ्यानं डोक्यावर घ्यायचं आणि जत्थ्यानं आपटायचं. आपण निदान तीन कारणं मागतो.

तिसरं कारण अजून तुझ्याकडे नाही, हे लक्षात ठेव. आणि तू त्याचा सोनेरी दोरा भरलास. वन्सं, त्या झग्यावर किती टाके होते ते तुला माहीत आहे, आणि ते तू मोजलेही असशील.

मुलगी म्हणते, आई, तू आणि आत्या या वयात हे काय लिहीत बसता? मी म्हटलं, याच वयात. आधी वेळ कुठे होता.

तुझी वहिनी

—

५ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. लिहू नये असं वाटलं. पण सचिवानं अध्यक्षापासून लपवायचं तर मग मंडळ कशाला!

काल दुकानात कोणी नव्हतं. घण आला. हल्ली तो येतो, कपडे असोत-नसोत. स्टुलावर बसतो, हँगर सरळ करून देतो. इस्त्रीवाला फुस्स करण्याआधी त्याला सांगतो, “साहेब, करतोय हं.” तेवढी मैत्री झाली आहे. मला वाटलं, माणसाच्या पाठीमागे त्याचा न्याय करणं बरं नाही. मी त्याला मंडळाबद्दल सगळं सांगितलं. नियम, ठराव, कारणं. तो लक्ष देऊन ऐकत होता, मधे फक्त रेड्याच्या तेलाला हसला. मग म्हणाला, “म्हणजे तिसरं कारण कमी पडतंय?”

“हो.”

“मी देतो ना,” म्हणाला. जसा कोणी सुट्टे पैसे देतो.

वहिनी, तो शिंकला होता.

सातवी फेरी. कातळाच्या हातमोज्यांवर कसलीतरी पावडर होती, ती याच्या नाकात गेली. “माझ्या आईनं शिकवलं होतं,” म्हणाला, “चारचौघांत शिंकताना हात तोंडाकडे न्यायचा. मी नेला. मधे त्याची हनुवटी आली.” तोपर्यंत त्याला रिंगमध्ये ‘दबक्या’ म्हणत. दुसऱ्या दिवसापासून घण. मग पुढची सगळी वर्षं तो तसाच ठोसा पुन्हा जमतो का ते बघत होता. कधीच जमला नाही. गुणांवर जिंकत राहिला. आरशासमोर तपकीर ओढून सराव केला, तरी नाही.

मी विचारलं, “कोणाच्या लक्षात नाही आलं?”

“एकाच्या आलं,” तो म्हणाला. “ कातळ पडला तेव्हा क्षणभर सगळं स्टेडियम गप्प झालं होतं. तेवढ्यात वरच्या बाकांवरून एक पोरगा ओरडला, ‘अहो, तो शिंकला!’ मग टाळ्यांत ते बुडालं. पण मी ऐकलं होतं. पुढे प्रत्येक लढतीत मी वरच्या बाकांकडे बघायचो, तो आलाय का म्हणून. लोक म्हणायचे, घण आकाशाकडे बघून प्रार्थना करतो.”

तो पोरगा कोण हे मी त्याला सांगितलं नाही. मी त्याच्या कोटाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

ठराव पुन्हा जोडते आहे. तू सही कर किंवा करू नकोस. या वेळी मी आग्रह करत नाही.

तुझी

—

१२ ऑगस्ट

सचिव यांस,

तीन कारणं पुरेशी आहेत. ठराव मंजूर. घणाचा फोटो कपाटातून काढला.

नियम नऊ लागू.

अध्यक्ष

—

२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नियम मोडून लिहिते आहे. मंडळ नाही, मी सचिव नाही, तेव्हा मला कोण काढणार?

ऑगस्टपासून तुझी ओळ नाही. तुझी मुलगी फोनवर ओरडली, “आई बरी आहे, पण बाबांच्या फोटोशी भांडते आहे!” मी म्हटलं, नीट सांग. ती म्हणाली, “तिलाच विचार!” आता विचारू कशी? तुला ऐकू येत नाही आणि मला लिहायला बंदी. असा नियम दोन अकरावीतल्या मुलीच करू शकतात. मी रोज पोस्टमनच्या सायकलकडे बघते आणि तो रोज मला विजेचं बिल दाखवतो.

इथलं सांगते. ठराव मंजूर झाल्याचं मी घणाला कळवलं. मला वाटलं, तोंड उतरेल. तर तो इतका खूश झाला की त्यानं माझ्याकडे तसं लेखी मागितलं. मी दुकानाच्या कागदावर लिहून दिलं, ‘आपल्याबद्दलचा आदर रीतसर काढून घेण्यात आला आहे.’ त्यानं ते चौकट करून भिंतीवर लावलं आहे. म्हणतो, “आता कुठे मला पाठ टेकून बसता येतं.” आणि खरंच, परवा त्या पडदेवाल्या आजीबाई कोपर मारून पुढे आल्या तर म्हणाला, “बाई, नंबर माझा आहे.” आजीबाई म्हणाल्या, “बरं बाबा.” एवढंच! दोघांनाही नवल वाटलं.

पण हे सांगायला मी नियम मोडला नाही. मागच्या रविवारी तो मला गाद्यांच्या दुकानात घेऊन गेला. मी म्हटलं, मला गादी नको. तो म्हणाला, “गादी घ्यायची नाही, भेटायची आहे.” मागच्या गोदामात गादीतला माणूस खुर्चीवर बसला होता. बसला म्हणजे टेकून उभा होता, गादीत बसता येत नाही. घणानं पाठीमागची चेन उघडली. आतून घामानं भिजलेला एक म्हातारा बाहेर आला.

कातळ.

त्याचे पाय मला का ओळखीचे वाटले ते आता कळलं ना? सिस्टरनं चोरून आणलेल्या मासिकात आपण त्याचेच पाय बघून उभं राहायचं शिकलो होतो, सिक-रूमच्या दोन खाटांच्या मधे. शिंकेकडून हरल्यावर त्याला कोणी लढत देईना. हमाली केली, पहारा केला, शेवटी गादीत शिरला. घणाला हे कळलं तेव्हा त्यानं उद्घाटनाची लढत मागून घेतली. बेत असा होता की तिसऱ्या फेरीत, लोकांच्या डोळ्यांत भरेल असं, त्याच्याकडून हरायचं आणि त्याची जीत त्याला परत द्यायची. मी म्हटलं, “मग पहिल्याच फेरीत?”

घण खाली मान घालून म्हणाला, “गादी खरंच चांगली होती हो.”

कातळ केवढा उखडला म्हणून सांगू! “एकदा शिंकून पाडलंस, एकदा झोपून जिंकवलंस! अरे, नीट लढणार कधी तू माझ्याशी?”

तेव्हा आता दोघे लढतात, वहिनी. रविवारी सकाळी, गोदामात, खरेखुरे. फार हळू. एक ठोसा निघतो आणि पोहोचेपर्यंत दुसरा चष्मा काढून खिशात ठेवतो. मी काउंटरवरची घंटा घेऊन जाते आणि वाजवते. इस्त्रीवाला पंच. बघायला कोणी नसतं. एकदा घणाचं नाक हुळहुळलं तर त्यानं हात वर करून लढत थांबवली, भिंतीकडे तोंड करून शिंकला, आणि परत येऊन उभा राहिला. कातळानं त्याला वाकून नमस्कार केला. मला रडू आलं. मी घंटाच वाजवली नाही, ती फेरी अर्धा तास चालली.

आत्तापर्यंत कातळ तीनदा जिंकला आहे.

म्हणून प्रस्ताव दोन. एक, कातळाला मंडळाचा वीर म्हणून घ्यावं. म्हणजे मंडळ उघडेल. दोन, घणानं सभासदत्वाचा अर्ज केला आहे. चाहता म्हणून. कारण लिहिलंय, ‘मी कातळाला त्याच्या पहिल्या लढतीपासून मानतो. त्याला मारताना मला फार वाईट वाटलं.’

सही तुझ्याशिवाय होत नाही. लिही गं. मंडळाचं लिहायचं नसेल तर गुडघ्यांबद्दल लिही.

तुझी नणंद

—

१४ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

नियम मोडल्याबद्दल ताकीद. पुन्हा असाच मोडत जा.

मी भांडत होते हे खरं. तुझं ऑगस्टचं पत्र वाचलं, ठरावावर सही केली आणि तुझ्या दादाच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. तो नेहमीसारखाच हसत होता. नेहमी मला ते हसू प्रेमळ वाटायचं. त्या दिवशी ते जिंकलेलं वाटलं. म्हटलं, अस्सं! अख्खा जन्म माझ्याशी वाद घातलास, आणि आता मी मान्य करायला आले तर ऐकायला नाहीस? हा कुठला न्याय? समोरचा रिंगमध्येच नाही आणि पंचानं त्याचा हात वर केलाय! मी फोटो भिंतीकडे फिरवून ठेवला.

मुलगी घाबरली. डॉक्टर आणला. त्यानं माझ्या कानात ओरडून विचारलं, “काय होतंय?” मी म्हटलं, “माझ्या नवऱ्यानं मला हरवलं.” त्यानं झोपेची गोळी दिली. मी घेतली नाही, पुरे झाली झोपून हरणाऱ्यांची गोष्ट.

मग तुझं पत्र आलं. ‘नीट लढणार कधी तू माझ्याशी?’ हे वाक्य मी कितीदा वाचलं ते विचारू नकोस. वन्सं, त्यानं मला नीट लढत दिली होती गं. मला बरं वाटावं म्हणून एकदाही, एका वाढदिवसालाही, तो म्हणाला नाही की बरं बाई, ठोसाच होता तो. एवढं म्हटलं असतं तर त्याच वर्षी सभासद झाला असता. फेटाळलेला अर्ज घ्यायचा, घडी करायचा आणि चहा टाकायचा. आमच्या घरात झोपून कोणी कोणाला जिंकवलं नाही.

फोटो सरळ केला. अजून हसतो आहे. हसू दे.

आता निर्णय. कातळाला वीर म्हणून घेतलं आहे, एकमतानं. त्याचा फोटो पाठव, गादीतला नको, पायांचा असेल तर उत्तम. मी डिसेंबरात येते आहे. मुलीला सांगितलं, रविवारची लढत बघायची आहे. तिला वाटलं मी चुकीचं बोलले, म्हणून तिनं ओरडून विचारलं, “कसली?” मीही ओरडून सांगितलं. शेजाऱ्यांनाही कळलं.

कानांची काळजी करू नकोस. लढतीत ऐकायचं काय असतं? घंटा तू वाजवतेस, ती मला दिसेल.

घणाचा अर्ज वाचला. कारण चांगलं आहे, अक्षर वाईट. मंजूर होईल. पण त्याआधीचा एक जुना, फेटाळलेला अर्ज होता, तो मी आज मंजूर केला, आणि रांग म्हणजे रांग. घणाला सांग, तुझ्यापुढे एक जण आहे. वरच्या बाकांवरून उतरत आला, म्हणून त्याला जरा उशीर झाला.

तुझी वहिनी आणि अध्यक्ष